कापसाच्या मळ्यातली तबकडी



तुमच्यापैकी पुष्कळांच्या शेतात कापूस उभा असेल, आणि ज्यांच्या शेतात नाही त्यांनी निदान वेचणी पाहिली असेल. शाळेत इतिहास शिकवताना गुरुजी सांगतात की १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इकडे मुंबईच्या बाजारात आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग युद्ध संपले, भाव कोसळला, आणि आपला धडाही तिथेच संपतो. पण ज्या मळ्यांतून तो अमेरिकन कापूस निघत असे, तिथे वाकून वाकून बोंडे वेचणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपण फारसे विचारीत नाही. आज त्यांच्यातल्याच एका माणसाची हकीकत सांगायची आहे. तो मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे आणि शनिवारी रात्री गाणे म्हणत असे. त्याची पहिली दोन गाणी १९४१ साली तबकडीवर उतरली. तीच दोन गाणी, चाल तीच, माणूस तोच, १९४८ साली पुन्हा तबकडीवर उतरली. मधल्या सात वर्षांत काय घडले, तेच या लेखाचे सांगणे आहे.

माणसाचे नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. जगाला तो मडी वॉटर्स या नावाने ठाऊक आहे. लहानपणी हे पोर सारखे चिखलपाण्यात खेळे, म्हणून पडलेले हे नाव. मडी म्हणजे गढूळ. वॉटर्स हे शेपूट पुढे गाणेबजावण्यात जोडले गेले.

आधी मुलूख पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधल्या सखल पट्ट्याला तिथले लोक डेल्टा म्हणतात. भूगोलाच्या गुरुजींनी रागावू नये. हा खरा त्रिभुज प्रदेश नव्हे, नदीचे मुख तिथून शेकडो मैल खाली दक्षिणेला आहे. पण पुराने आणून टाकलेला गाळ असा की जमीन काळीभोर आणि कापसाला फार मानवणारी. या पट्ट्यात कोआहोमा नावाचा जिल्हा, त्यात क्लार्कस्डेल हे बाजाराचे गाव, आणि गावाबाहेर स्टोव्हॉल घराण्याचा मळा. मळा म्हणजे आपल्यासारखा चार-दोन बिघ्यांचा नव्हे, हजारो एकरांचा.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण जमीन गोऱ्या मालकाकडेच राहिली आणि काळ्या माणसाच्या हाती फक्त हात राहिले. मग तिथे अर्धेलीची पद्धत पडली. मालकाने जमीन, खेचर, बी-बियाणे द्यायचे, कुळाने राबायचे, पीक अर्धेअर्धे. सुगीपर्यंत पोट कसे भरायचे? मळ्याच्याच दुकानातून उचल घ्यायची, ती नावे मांडली जायची, आणि वर्षाअखेर हिशेबाच्या दिवशी मालकाचा कारकून आकडा सांगेल तो खरा. वही त्याची, लेखणी त्याची. वर्षभर राबून उलट आपणच देणे लागतो असे ऐकून परत फिरणारी कुटुंबे काही कमी नव्हती. आपल्याकडच्या सावकारी चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अधिक उकलून सांगायला नको.

मडीचा जन्म ४ एप्रिलचा. साल त्याने स्वतः १९१५ सांगितले, त्याच्या थडग्यावरही तेच कोरले आहे. पण जुन्या कागदपत्रांवरून ते १९१३ असावे असे आता अभ्यासक मानतात. आई लवकर गेली. आजीने त्याला वाढवले आणि लहानपणीच स्टोव्हॉलच्या मळ्यावर आणले. तिसऱ्या इयत्तेच्या आसपास शाळा सुटली. आधी तो माउथ ऑर्गन वाजवी. सतराव्या वर्षाच्या सुमारास घरचा उरलेला एकुलता एक घोडा विकला, त्याचे पंधरा डॉलर आले, निम्मे त्याने आजीच्या हातावर ठेवले आणि उरलेल्यातून अडीच डॉलरला एक जुनी गिटार घेतली. हा हिशेब त्याने म्हातारपणीही पैन्‌पैसह सांगितला. घोडा विकून वाद्य घेणाऱ्या नातवाला आजी काय म्हणाली असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

आता त्या वाजवण्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. गिटारीला दांडीवर पडदे असतात. पडद्यावर तार दाबली की ठराविक सूर निघतो, अलीकडचा नाही की पलीकडचा नाही. पण काळ्या लोकांच्या गाण्यात काही सूर असे लागतात की ते पडद्यांच्या मध्येच कुठेतरी पडतात. त्यांचा गंधार घ्या. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंच्या मध्ये कुठेतरी कण्हत राहणारा. तो सूर काढायचा कसा? तर बाटलीचा गळा कापायचा, कड घासून गुळगुळीत करायची, आणि ती काचेची नळी बोटात अंगठीसारखी घालायची. मडी ती करंगळीत घाली. मग तार पडद्यावर दाबायची नाही, तिच्यावरून नुसती काच सरकवायची. ज्यांनी विचित्रवीणा ऐकली असेल त्यांना हे लगेच उमजेल. तिथेही काचेचा गोळा तारांवरून फिरतो आणि मींड निघते. शिवाय खुंट्या पिळून सगळ्या तारा अशा लावून ठेवायच्या की मोकळ्या छेडल्या तरी एकमेकींशी जुळून वाजाव्यात. म्हणजे अंगठ्याने खालचा ठेका चालू ठेवायचा आणि वरच्या तारेवर काच सरकवीत गळ्याच्या मागोमाग जायचे. गळ्याने ओळ अर्धी सोडली तर तार ती पुरी करते. या गाण्याला ब्लूज म्हणतात. त्यात बहुधा एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. विषय घरचेच: रुसून गेलेली बायको, पूर, तुरुंग, आगगाडी, मुकादम.

मडीच्या आधी या मुलखात दोन मोठे वादक झाले. सन हाउस हा वडीलधारा; त्याच्या तबकड्या १९३० साली निघाल्या होत्या आणि मडी त्याचे वाजवणे तासन्‌तास समोर बसून पाही. दुसरा रॉबर्ट जॉन्सन. त्याने १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये गाणी मुद्रित केली आणि १९३८च्या ऑगस्टमध्ये तो वारला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. मडीने त्याच्या तबकड्या ऐकल्या होत्या.

आता गोष्ट जरा दुसरीकडून आणावी लागेल, कारण तबकडी मळ्यावर आपोआप चालत आली नाही. मिसिसिपीतच नॅचेझ नावाचे शहर आहे. तिथल्या एका नाचघराला २३ एप्रिल १९४० रोजी आग लागली आणि दोनशेहून अधिक काळी माणसे गुदमरून, भाजून मेली. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे फिस्क विद्यापीठ आहे. काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले, गायनाची मोठी परंपरा असलेले. तिथे जॉन वर्क नावाचे संगीताचे अध्यापक होते. स्वतः काळे, वाडवडिलांपासून घरात लोकगीतांचा अभ्यास. त्यांच्या मनात असे आले की एवढे मोठे संकट झाले म्हणजे लोक त्यावर गाणी रचणार. ती गाणी ताजी आहेत तोवर जाऊन टिपली पाहिजेत. आपल्याकडे पूर आला, साथ आली, की वर्षाच्या आत त्यावर पोवाडा बांधला जातो, तशातलीच ही जाण. पण वर्कना हवे होते यंत्र आणि पैसा. पत्रव्यवहार झाला. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाकडे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते आणि लोकगीतांच्या विभागात ॲलन लोमॅक्स हा तरुण गोरा संग्राहक होता. दोन्ही संस्थांनी मिळून काम करायचे ठरले. नॅचेझ मागे पडले आणि पाहणीसाठी कोआहोमा जिल्हा निवडला गेला. एका जिल्ह्यात कोण काय गातो, देवळात काय, शेतात काय, दारूच्या गुत्त्यात काय, पोरे खेळताना काय, सगळे नोंदायचे. फिस्कचे समाजशास्त्राचे अभ्यासक ल्यूइस जोन्स हेही त्यात होते. एक जिल्हा धरून तळ ठोकायचा, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. गाणी गोळा करणारे पुष्कळ असतात. ती कुणाच्या तोंडी, कुठे, कोणत्या वेळी येतात ते पाहणारे थोडे.

१९४१च्या ऑगस्टअखेरीस लोमॅक्स आणि वर्क स्टोव्हॉलच्या मळ्यावर आले. निरोप गेला, मडीला कुणी गोरा माणूस शोधतो आहे. मडी घाबरला. कारण असे की त्याच्या झोपडीत शनिवारी रात्री नाचगाणे चाले आणि चोरून दारू विकली जाई. मिसिसिपीत तेव्हा दारूबंदी होती. त्याला वाटले, आबकारीवाले आले! पण आलेल्या माणसाने गिटारीची चौकशी केली, आणि मग त्याने पाणी मागितले. मडी ज्या भांड्यातून पाणी प्याला त्याच भांड्यातून तो गोरा माणूस पाणी प्याला. मडी पुढे अनेकदा सांगत असे की तेव्हा त्याला खरे नवल वाटले. मिसिसिपीत गोरा माणूस असे कधी करीत नसे. पाण्याच्या भांड्यात काय काय मावते, हे ज्यांच्या गावात पाणवठे वेगळे होते त्यांना मी काय सांगावे?

यंत्र जड होते. लेप दिलेल्या कोऱ्या तबकडीवर सुई फिरत जाई आणि गाणे चालू असतानाच तिच्यात घर कापीत जाई. चुकले तर खोडता येत नसे. तबकडी संपली की गाणे संपवावेच लागे. अशा तऱ्हेने मडीची पहिली गाणी मुद्रित झाली. त्यातली दोन आपल्याला लक्षात ठेवायची आहेत. एकाचे नाव 'कंट्री ब्लूज', म्हणजे गावाकडचे ब्लूज. दुसरे 'आय बीज ट्रबल्ड', म्हणजे मला मेली सारखी चिंता. नावातच खेड्याची बोली आहे, शाळेतले इंग्रजी नाही.

गाणे झाल्यावर प्रश्न विचारले गेले, आणि ते प्रश्नोत्तरही तबकडीवर आहे. हे भाग्यच म्हणायचे, कारण लोकगीत 'जन्मते' कसे हे एरवी कुणी प्रत्यक्ष गायकाच्या तोंडून ऐकवीत नाही. 'कंट्री ब्लूज' कधी रचलेस? मडी म्हणतो, १९३८ साली. मोटारीच्या चाकाचे पंक्चर काढत होतो, एका मुलीने मन दुखावले होते, आणि गाणे आले. बरे, मग ही चाल? तर म्हणतो, सन हाउसकडून घेतली. आणि रॉबर्ट जॉन्सनची याच चालीची तबकडी आहे ना? हो, तीही ठाऊक आहे. म्हणजे एकाच गाण्याला तीन उगम, आणि तिन्ही खरे! आपल्या बायका ओवी 'माझी' म्हणतात आणि 'आईची' म्हणतात, दोन्ही एका दमात. त्यात खोटे काही नसते. दुसऱ्या गाण्याबद्दल तो म्हणाला की रस्त्याने चाललो होतो, चर्चमधल्या गाण्याची एक चाल कानावर आली, ती घोळवत घोळवत हे झाले. देवाच्या चालीवर चिंतेचे गाणे!

आणखी एका गाण्याची गंमत शेतकरी वाचकांना आवडेल. ते आहे बर क्लोव्हर नावाच्या वनस्पतीवर. हे मेथी-घासाच्या कुळातले, जमिनीचा कस वाढवणारे पीक. मळ्याच्या मालकाने त्याचे बी गोळा करायचे यंत्र काढले होते. तेव्हा मालकाच्या पिकाची वाखाणणी करणारे गाणेही मडीने रचले. पोटापाण्यासाठी हेही करावे लागते. आपल्या शाहिरांनी काय सरदारांचे पोवाडे गायले नाहीत?

मंडळी निघून गेली. मडीने वाट पाहिली. काही आठवड्यांतच त्याने लोमॅक्सला पत्र धाडले की माझ्या गाण्यांचे काय झाले. पुढे १९४२च्या जुलैमध्ये लोमॅक्स पुन्हा आला आणि आणखी गाणी मुद्रित झाली. यावेळी मडीबरोबर त्याचा मेळही होता. त्यात फिडल वाजवणारा सन सिम्स हा तर जुना मुरलेला गडी. १९२९ साली चार्ली पॅटन या मोठ्या गायकाच्या साथीला तो तबकडीवर वाजवून आला होता.

अखेर एक दिवस टपालाने पाकीट आले. त्यात त्याच्या गाण्याच्या तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा धनादेश.

वीस डॉलर म्हणजे किती, ते पाहू. मळ्यावर ट्रॅक्टर चालवण्याबद्दल मडीला तासाला साडेबावीस सेंट मिळत. म्हणजे ही रक्कम सुमारे एकोणनव्वद तासांची मजुरी झाली. दोन गाण्यांचे हे दाम थोडे की पुष्कळ, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मडीच्या दृष्टीने पैशापेक्षा तबकडी मोठी होती. आपला आवाज यंत्रातून पहिल्यांदा ऐकला की माणूस दचकतो. रोज आपण तो कवटीच्या हाडांमधूनही ऐकत असतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. यंत्रातून आला की परका वाटतो. नभोवाणीवर पहिल्यांदा बोलणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे. मडीचे उलट झाले. त्याला वाटले, अरे, हा तर खऱ्या तबकड्यांवरच्या गायकांसारखा आवाज आहे, आणि हा माझा आहे! त्याने ती तबकडी नाक्यावरच्या गाणेपेटीत नेऊन लावली आणि पुन्हा पुन्हा ऐकली. मग नवा सूट घालून तो छायाचित्र काढवून घ्यायला गेला. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते: कडक बसलेला मडी आणि हातात तबकडी, जसे आपल्याकडे लोक पहिले मूल मांडीवर घेऊन फोटोला बसतात.

आता पुढचा प्रसंग पाहा. १९४३च्या मे महिन्यात मडी मळ्याच्या मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, तासाचे साडेबावीस सेंट देता ते पंचवीस करा. वाढ मागितली ती अडीच सेंटांची. मुकादम भडकला. असे कुणी विचारलेच नव्हते म्हणे. करायचे तर कर, नाहीतर ट्रॅक्टरवरून उतर. मडी उतरला. थोड्याच दिवसांत त्याने क्लार्कस्डेलहून गाडी पकडली, मेम्फिसला बदलली, आणि तो शिकागोला पोचला. सोबत एक पेटी आणि गिटार. अडीच सेंट दिले असते तर कदाचित तो राहिलाही असता. इतिहासात असे 'कदाचित' लिहू नये म्हणतात, पण मनात आल्यावाचून राहत नाही.

तो एकटा गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१० ते १९७० या साठ वर्षांत साठ लाखांच्या आसपास काळी माणसे दक्षिणेतून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेली. युद्धाचे दिवस, कारखान्यांना हात हवे होते. आणि इकडे मळ्यांना हात नकोसे होत होते. क्लार्कस्डेलजवळच हॉप्सनचा मळा आहे. तिथे १९४४च्या ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणारी यंत्रे लोकांसमोर चालवून दाखवली. चांगला वेचणारा माणूस तासाला वीस पौंड कापूस वेची. यंत्र हजार पौंड. मळ्याच्या हिशेबाने हातवेचणीची एक गाठ सुमारे एकोणचाळीस डॉलरला पडत होती, यंत्राची सव्वापाच डॉलरला. एक यंत्र आले की पन्नास माणसे घरी. मडी एक वर्ष आधीच निघाला होता, एवढेच.

शिकागोत त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले, मग खिडक्यांचे पडदे घरोघर पोचवणारी मोटार चालवली. रात्री गुत्त्यांत गाणे. पण तिथे एक नवीच अडचण. मळ्यावरच्या झोपडीत रात्री बेडूक ओरडत, फार तर कुत्रे. एक गिटार सगळ्यांना पुरे. शिकागोच्या गुत्त्यात शंभर माणसे एकदम बोलणार, पेले आपटणार, बाहेरून आगगाडी जाणार. कोण ऐकतो लाकडी गिटार? म्हणून मडीने विजेची गिटार धरली. काच तीच, करंगळी तीच, पण आता तारेचा कण्हणारा सूर वाढवून यंत्रातून बाहेर पडू लागला. लोक म्हणतात मडीने ब्लूजला विजेची जोड दिली, जणू त्याला काही नवे करून दाखवायचे होते. मला वाटते, त्याला फक्त ऐकू जायचे होते.

१९४६ साली एका मोठ्या कंपनीसाठी त्याने काही गाणी मुद्रित केली. ती तशीच पडून राहिली आणि पंचवीस वर्षांनी बाहेर आली. १९४७ साली ॲरिस्टोक्रॅट नावाच्या लहान कंपनीने त्याला घेतले. त्या तबकडीचाही फार बोलबाला झाला नाही. या कंपनीत लेनर्ड चेस हा पोलंडकडून लहानपणी आलेल्या ज्यू कुटुंबातला भागीदार होता. शिकागोत तो एक गुत्ता चालवी. १९४८च्या एप्रिलमध्ये मडी पुन्हा मुद्रणाला बसला. साथीला फक्त एक बास व्हायोलिन, वाजवणारा बिग क्रॉफर्ड. आणि मडीने काढली ती दोन गाणी कोणती? स्टोव्हॉलच्या मळ्यावर काढलेली तीच! 'आय बीज ट्रबल्ड' आता 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' झाले, म्हणजे माझे समाधान होत नाही. 'कंट्री ब्लूज' झाले 'आय फील लाइक गोइंग होम', म्हणजे घरी जावेसे वाटते. चेसला काही उमगेना. हा काय गातो आहे, शब्द तरी कळतात का, हे घेणार कोण, असे तो म्हणाला. त्याची भागीदारीण इव्हलिन ॲरन हिला मात्र त्यात काही दिसले, आणि तबकडी निघाली.

ती शनिवारी दुकानांत गेली आणि दुसऱ्या दिवशी संपली. दुकानदारांनी एकोणऐंशी सेंटांची तबकडी एक डॉलर दहा सेंटांना विकायला सुरुवात केली आणि माणशी एकच असा नियम केला. मडी स्वतः मॅक्सवेल रस्त्यावरच्या दुकानात गेला, तर त्यालाही एकच मिळाली. हे गाणे माझेच आहे म्हणून काय झाले, नियम म्हणजे नियम! दुसरी प्रत आणायला त्याने बायकोला धाडले. त्या सप्टेंबरात 'आय फील लाइक गोइंग होम' हे काळ्यांच्या संगीताच्या खपाच्या देशव्यापी यादीत अकराव्या क्रमांकावर आले.

कोण घेत होते ती तबकडी? जे मिसिसिपीहून आले होते तेच. कारखान्यात पाळी करणारे, कत्तलखान्यात राबणारे, भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे राहणारे. घरी जावेसे वाटते, असे गाणे लावून ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना खरोखर परत जायचे होते. तिथे मुकादम होता, वही होती, आणि पाण्याचे वेगळे भांडे होते. पण तिथलाच चिखल, तिथलीच नदी, तिथलीच आजी. मुंबईच्या चाळीत गावाकडचे भजन म्हणणाऱ्या गिरणी कामगाराला हे समजेल. १९४१ सालची तबकडी ऐकली की तो माणूस मळ्यावर बसून चिंतेचे गाणे म्हणतो आहे असे वाटते. १९४८ सालच्या तबकडीत तोच माणूस मळा सोडून आलेला आहे, आवाज मोठा आहे, तार तापलेली आहे, आणि मळा त्याच्या गळ्यातून निघालेला नाही. संगीताचे जाणकार पहिलीला शुद्ध म्हणतात आणि दुसरीला बाजारी; मला हा भेद पटत नाही. पहिली एका ग्रंथालयासाठी गायलेली होती, दुसरी आपल्या माणसांसाठी.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक असते. १९५० साली कंपनीचे नाव चेस झाले. त्याच वर्षी निघालेल्या मडीच्या 'रोलिन स्टोन' या गाण्यावरून १९६२ साली लंडनच्या काही पोरांनी आपल्या मेळाचे नाव ठेवले, आणि तो मेळ जगभर गाजला. मळ्यावरची जुनी मुद्रणे १९६६ साली एका तबकडीवर एकत्र निघाली. मडी ३० एप्रिल १९८३ रोजी शिकागोजवळ वारला. ज्या झोपडीत तो राहिला तिचे लाकडी अवशेष आता क्लार्कस्डेलच्या संग्रहालयात उभे केले आहेत.

पण एक माणूस आपण वाटेत सोडला आहे. जॉन वर्क. ज्यांच्या मनात ही कल्पना पहिल्यांदा आली, जे लोमॅक्सबरोबर मडीच्या दारात उभे होते, ज्यांनी तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून शेकडो गाण्यांतली कितीतरी सुरावटीसह कागदावर उतरवली. त्यांचे, ल्यूइस जोन्सचे आणि विद्यार्थी सॅम्युएल ॲडम्सचे हस्तलिखित छापले गेलेच नाही. कागद इकडून तिकडे गेले आणि विसरले गेले. वर्क १९६७ साली वारले. लोमॅक्सने १९९३ साली या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्याला मोठे पारितोषिकही मिळाले. पण त्यात दोन वर्षांच्या फेऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत आणि वर्क जवळपास दिसतच नाहीत. लोमॅक्सचे ऋण मी नाकारत नाही. त्याने यंत्र आणले, मडीला वीस डॉलर धाडले, त्याच्या भांड्यातून पाणी प्याला. पण बरोबर पायी चाललेल्या माणसाचे नाव गाळणे हीही मळ्याच्या वहीसारखीच गोष्ट झाली. रॉबर्ट गॉर्डन हे मडीचे चरित्र लिहीत असताना त्यांना ते हरवलेले कागद लोमॅक्सच्याच संग्रहात सापडले, आणि २००५ साली ते पुस्तकरूपाने निघाले. काम झाल्यावर त्रेसष्ट वर्षांनी.

गंमत अशी की पुस्तकातून वर्क गाळले गेले तरी तबकडीतून कुणी त्यांना गाळू शकले नाही. तिथे खोडता येत नव्हते ना! १९४१ सालची ती मुद्रणे आता कुणालाही ऐकता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाकडे सोय असेल तर शिक्षकांनी मुलांना घेऊन जरूर ऐकावीत. गाणे संपते, तारेचा शेवटचा सूर विरतो, खरखर चालू राहते, आणि मग गायकाला आदराने काहीतरी विचारणारा आवाज येतो. तो नेहमी लोमॅक्सचा नसतो.